मुजावरांच्या घरातला वादपटू

फेसबुकवर अझीम मुजावरशी भांडून जिंकलेला माणूस अजून कुणाच्या पाहण्यात नव्हता. पुण्या-मुंबईचे कितीतरी जण मोठ्या हौसेने येत आणि तोंडघशी पडून जात. एका निवृत्त अधिकाऱ्याने तर आठ दिवस हुज्जत घालून शेवटी त्याला ब्लॉक केलं होतं, आणि त्याचा स्क्रीनशॉट अझीमने आपल्या पानावर सगळ्यात वर चिकटवून ठेवला होता. पंधरा वर्षं त्याने एका दैनिकात राजकीय बातम्या लिहिल्या. दैनिकाने कोल्हापूरचं कार्यालय बंद केलं तसा तो घरी बसला, आणि घरी बसून जो बोलायला लागला तो काही थांबेना. 'अझीम बोलतो' या पानाला सव्वा लाख माणसं मिळाली. निवडणुका आल्या की वाहिन्यांवर त्याच्या चेहऱ्याखाली 'राजकीय विश्लेषक' असं यायला लागलं. त्याची बायको सबिना हायस्कुलात गणित शिकवायची. ती मैत्रिणींना सांगायची, घरातला नळ गळतोय एवढं ह्यांना कळवायचं तर मला कमेंट टाकावी लागते, आणि त्यावरही ते आधी पुरावा मागतात.

त्याचे वडील दस्तगीर मुजावर यांना या सगळ्यातलं ओ की ठो कळत नसे. त्यांचा जन्म गवंडीकामात गेला. गल्लीत त्यांना मान होता तो पंजाचा. पिंपळकट्टा तालमीत दरवर्षी मोहरमला पीर बसतात. तालीम मराठ्यांची, कुंभारांची, सगळ्या गल्लीची, पीरही तालमीचेच. पण पीरांची खूण असलेला तो चांदीचा पंजा काठीवर चढवायचा, कापडात बांधायचा आणि गादीवर बसवायचा तो मुजावरांच्या हातांनी. आधी दस्तगीरचाचांच्या वडिलांनी बांधला, मग बेचाळीस वर्षं चाचांनी. मोहरमच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी तालमीची माणसं ताशा वाजवत त्यांच्या दारात येत आणि त्यांना बोलावून नेत. एरवी लोकांच्या भिंती रचणारा माणूस त्या संध्याकाळी ताठ मानेने गल्लीच्या मधोमध चालत जाई. आता पंच्याहत्तरी आली होती, दम लागत होता, थापी हातातून केव्हाच सुटली होती. उरला होता तो हा एवढा मान.

आणि नेमकी त्यालाच लेकाने काडी लावली.

झालं ते असं. मोहरमचा चांद दिसायच्या दोन दिवस आधी तालमीच्या कमानीवर डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्स, लागलं. मोहरम हा दुखवट्याचा महिना, आणि डिजिटलवर लिहिलेलं 'सर्व भाविकांचे सहर्ष स्वागत'. मधोमध गॉगल लावलेला पुढारी, दारापेक्षा उंच. खाली शुभेच्छुकांची तीस-बत्तीस तोंडं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पीरसाहेब कोपऱ्यात लिंबाएवढे. अझीम सकाळी दूध आणायला निघाला होता, तो बघतच राहिला. कमानीखाली कट्ट्यावर कृष्णात बसला होता. कृष्णात म्हणजे तालमीचा अध्यक्ष, ग्रिल-गेटचं वर्कशॉप चालवणारा, अझीमच्या पहिलीपासूनच्या वर्गातला. त्याने हाक मारून बसवून घेतलं, चहा मागवला. दोघं चहा प्यायले, तालमीच्या फुटबॉल टीमला यंदा गोलकीपर कुठून आणायचा यावर दहा मिनिटं बोलले. जाताना अझीमने मोबाइल वर धरून डिजिटलचा फोटो काढला. गल्लीचं कौतुक म्हणून काढतोय असं कृष्णातला वाटलं. फोटो नीट यावा म्हणून त्याने आडवी येणारी आपली मोटरसायकलही बाजूला घेतली.

दूध तापायच्या आत पोस्ट पडली. 'पीर लहान, पुढारी महान' असा मथळा, खाली फोटो, आणि त्याखाली अझीमच्या त्या धारदार भाषेतले बारा परिच्छेद. त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते डिजिटल खुपतच होतं. पण दुपारपर्यंत ती पोस्ट गल्लीची राहिली नाही. नागपूरपासून दुबईपर्यंतची माणसं येऊन पडली. हिंदूंनी पीर कशाला बसवायचे असं एक टोळकं विचारत होतं, मुसलमानांनी हे असलं कशाला चालवून घ्यायचं असं दुसरं विचारत होतं, आणि दोघं मिळून शिव्या घालत होते त्या तालमीला, जिचं नाव त्यांनी सकाळपर्यंत ऐकलेलं नव्हतं. कुणीतरी शुभेच्छुकांच्या रांगेतलं कृष्णातचं तोंड कापून काढलं आणि त्याला गाढवाचं धड लावलं. ते चित्र संध्याकाळी त्याच्या पोरीला, शिवानीला, कॉलेजच्या गेटवर मुलांनी दाखवलं. ती रडत घरी आली. अझीम त्या वेळी एका दुबईवाल्याला कोंडीत पकडण्यात गुंतला होता.

पोस्ट पडल्यापासून चौथ्या दिवशी कृष्णात मुजावरांच्या घरी आला. अझीमकडे बघितलंही नाही. चाचांच्या समोर खाली बसला. तालमीच्या पोरांची बैठक झाली, पोरं फार तापली होती, मी बरंच आवरलं, असं त्याने सांगितलं आणि मग जड तोंडाने मुद्द्यावर आला.

"चाचा, तुमच्याइषयी कुणाचं काय न्हाय. पण अझ्यानं जिथं लिवलंय तिथंच चुकलं म्हणून लिवाय पायजे. न्हायतर यंदा हातकणंगल्यास्नं मुजावर आणायचा, असं ठरलंय."

पीर तालमीचे आहेत, तालमीने ठरवावं, एवढंच चाचा म्हणाले आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. कृष्णात पाणी पिऊन गेला.

अझीमच्या अंगाचा तिळपापड झाला. ही सरळसरळ अडवणूक होती. बापाच्या मानाला ओलीस धरून लेकाचं तोंड बंद करायचं, आणि तेही खरं बोलल्याबद्दल. त्याने वडिलांपुढे सगळी बाजू मांडली. अभिव्यक्ती, जबाबदारी, धार्मिक जागेचं राजकारण, काही सोडलं नाही. चाचा नखं कापत होते. पंजाला हात लावायचा म्हणून महिनाभर आधीपासून ते नखं बारीक ठेवत, बिडी सोडत. घरात ही मंडळी आपली दखनी बोलत, पण काही महत्त्वाचं असलं की म्हातारा मराठीवर येई. अझीमचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तू लिवलंस ते खरं हाय न्हवं?"

"शंभर टक्के."

"मग झालं," असं म्हणून ते पुढच्या बोटाकडे वळले.

बाप आपल्या बाजूने आहे, असा अझीमने त्याचा अर्थ लावला आणि त्याला हुरूप आला. सबिनाने चहाचा कप आपटत सांगितलं की ते 'मग झालं' तुमच्या बाजूचं नव्हतं, सासऱ्यांना आयुष्यात कुणाकडे काही मागता आलेलं नाही आणि लेकाकडे तर नाहीच. अझीमने तिला विचारलं, याला आधार काय? सबिना शाळेला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो कृष्णातच्या वर्कशॉपवर गेला. समोरासमोर बसून पटवून दिलं तर पटेल, अशी त्याची खात्री होती. पटवण्यात आपला हात कोण धरणार? कृष्णात डोळ्यांना गॉगल लावून एका गेटला वेल्डिंग करत होता. ठिणग्या थांबेपर्यंत अझीम थांबला आणि मग बोटांवर मोजत मुद्दे मांडायला लागला. एक, तालमीचं नाव फोटोत दिसतं तेवढंच, त्याने ते कुठेही लिहिलेलं नाही. दोन, फोटो सार्वजनिक जागेवरचा आहे. तीन, लोकांनी शिव्या दिल्या त्याला तो जबाबदार नाही. चार, 'सहर्ष' हा शब्द चूक आहे की नाही हे कृष्णातने छातीवर हात ठेवून सांगावं. पाच, लेकाच्या लिहिण्याची शिक्षा बापाला, हा कुठला न्याय?

कृष्णातने गॉगल कपाळावर घेतला. शब्द चूक आहे हे त्याने मान्य केलं. पुढाऱ्याच्या माणसांनी डिजिटल छापूनच आणलं होतं, आपण नीट वाचलंही नाही, हेही मान्य केलं. पाचही मुद्दे त्याने मान्य केले, आणि तरी त्याचा चेहरा काही हलेना.

"तू माझा च्या पिलास," तो म्हणाला. "धा मिनटं बसलास. तवाच म्हणाला असतास, किस्ना, काय ही घाण लावलीयास, तर मी त्याच पावली उतरीवलं असतं. चार शिव्या हासडल्या असत्यास तरी चाललं असतं. तू फोटो काढलास, अन् मी येड्यागत गाडी बाजूला घेतली."

गल्लीची रीत अशीच होती. काही खुपलं तर तोंडावर बोलायचं, बापावरून शिवी द्यायची, वेळ पडली तर गचांडी धरायची, आणि संध्याकाळी पुन्हा एका कट्ट्यावर बसायचं. तोंडावर गोड बोलून पाठीमागे लिहायचं, हे इथं कुणी कधी केलेलं नव्हतं. अझीमला हे कळत नव्हतं असं नाही. याच गल्लीत तो वाढला होता. पण त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच.

"हा वेगळा मुद्दा झाला," तो म्हणाला. "आपण मूळ मुद्द्यावर बोलू."

तूच जिंकलास, जा आता, असं कृष्णात म्हणाला आणि त्याने गॉगल डोळ्यांवर ओढला. ठिणग्या पुन्हा सुरू झाल्या.

पीर बसायला तीन दिवस उरले तेव्हा अझीम माफी लिहायला बसला. 'चुकलं' हा एक शब्द त्याने लिहिला आणि खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. तो शब्द पडद्यावर एकटा इतका उघडा दिसे, की त्याच्या अंगावर काही घालावं असं त्याला वाटे. सव्वा लाख माणसं बघणार होती. तो निवृत्त अधिकारीही कुठल्यातरी दुसऱ्या नावाने येऊन बघणार होता. अझीमला स्वतःचा संताप आला. दुनियेला तो रोज सांगायचा की चूक कबूल करायला हिंमत लागते, आणि स्वतःवर आली तर अंगठा हलत नव्हता. म्हणून त्याने त्या शब्दाला थोडी पार्श्वभूमी दिली. मग पार्श्वभूमीला संदर्भ दिले. मग उत्सवांच्या मांडवात पुढारी कधीपासून शिरले याचा इतिहास आला. चार तासांनी माफी तयार झाली ती अकराशे शब्दांची, आणि त्यात कृष्णातचा चहा सातव्या परिच्छेदात असा आला होता: 'व्यक्तिगत पातळीवर कुणाला वाईट वाटलं असल्यास त्याचीही नोंद घेतो.'

ही माफी आहे की दुसरा हल्ला, असं पहिल्याच कमेंटमध्ये कुणीतरी विचारलं. अझीमने ताबडतोब त्याला उत्तर दिलं. ते लिहिता लिहिता दुसऱ्याला दिलं, मग तिसऱ्याला. संध्याकाळपर्यंत आपल्याच माफीखाली त्याच्या दोनशे बारा कमेंट झाल्या होत्या, आणि सहाव्यातच त्याने लिहून टाकलं होतं की मूळ पोस्टच्या एकाही शब्दावरून आपण मागे हटलेलो नाही. ती सहावी कमेंट कुणीतरी तालमीच्या ग्रुपवर टाकली. तासाभराने कृष्णातचा फोन आला.

"एक ओळ लिवायची हुती रे," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मोहरमच्या पाचव्या दिवशी चाचांनी दुपारीच आंघोळ केली. पांढरा सदरा घातला, टोपी घातली. पंजाचं हिरवं कापड त्यांनी स्वतः धुऊन, स्वतः इस्त्री करून ठेवलं होतं. ते मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीवर बसले. दरवर्षी बसत तसेच. अझीमला ते बघवेना. सांगावं तर काय सांगावं? तो आत-बाहेर करत राहिला, मोबाइल काढत राहिला, परत खिशात टाकत राहिला.

ऊन उतरलं आणि तालमीकडून ताशाचा आवाज आला. म्हातारा सावरून बसला. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि मोठ्या रस्त्याकडे वळला. हातकणंगल्याचा मुजावर तिकडे गाडीतून उतरणार होता. ताशा लांब गेला, बराच वेळ थांबला, मग पुन्हा जवळ आला आणि त्यांच्या दाराला टाळून मागच्या बोळाने तालमीत शिरला. शेजारची चिमणाबाई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

चाचा उठले. कापड काखेत घेतलं आणि चपला घातल्या. अब्बा, कशाला पाणउतारा करून घ्यायला जाताय, असं अझीम दखनीत म्हणाला. उत्तर मराठीत आलं.

"पीर बसणार हाईत. मी घरात कसा बसू?"

अझीम मागोमाग गेला. तालमीत उदाचा धूर भरला होता, गल्ली जमली होती. चाचा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. आत नवा मुजावर अबुजर पंजा बांधत होता. तिशी-पस्तिशीचा, मान खाली घालून काम करणारा, भला माणूस दिसत होता. पण या पंजाची खोड त्याला माहीत नव्हती. पंजाच्या तळाची खोबण एका बाजूने झिजलेली होती. आत आधी कापडाची घडी बसवून मग डावीकडून फेरे घेतले तरच तो सरळ उभा राही. अबुजरने उजवीकडून फेरे घेतले, आणि पंजा कलला. त्याने सोडून पुन्हा बांधला, पुन्हा कलला. ताशा थांबला. लोकांत कुजबुज सुरू झाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पीरसाहेब वाकडे उभे राहणं कुणालाच बरं वाटत नव्हतं.

कृष्णातने दाराकडे बघितलं. चाचा तिथं कापड धरून उभे होते. त्याने एकदा पोरांकडे बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, गर्दीतून वाट काढत उंबऱ्याशी आला आणि त्याने हात जोडले.

"चाचा, या आत. तुमीच बांधा."

एकाही पोराने हूं की चूं केलं नाही. एकाने तर पुढे होऊन वाट मोकळी केली. चाचांनी एक चप्पल काढली. अझीमचा जीव भांड्यात पडला, आणि त्या सुटकेच्या भरात, आठ दिवस घशात साचलेलं सगळं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं.

"बघितलंस, कृष्णात? मी पोस्टमध्ये हेच लिहिलं होतं. मूळ मुद्दा परंपरा जपण्याचा होता. आता तुम्हालाच पटलं की नाही?"

शब्द बाहेर पडले तेव्हाच त्याला कळलं. पण ते काही कमेंटसारखे पुसता येणार नव्हते. कृष्णातचे जोडलेले हात खाली आले. मागून कुणीतरी म्हणालं की घ्या, इथंबी जिंकला. दुसरा कुणी त्याहून वाईट बोलला. ज्या पोराने वाट दिली होती तो पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला. कृष्णात रागाने नव्हे, अगदी दमलेल्या माणसासारखा अझीमकडे बघत होता.

चाचांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

ते आत गेले नाहीत आणि परतही फिरले नाहीत. तालमीच्या बाहेरच्या पायरीवर बसले, काखेतलं हिरवं कापड कृष्णातच्या हातात दिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली.

"पावणं, घाबरू नगासा. आदी आत घडी घाला कापडाची. दोन बोटं जाड. आता डावीकडनं फेरा घ्या. दाबून. व्हय, तसंच."

अबुजर बाहेर बघून बघून करत गेला. म्हाताऱ्याचे हात मांडीवर होते, पण अबुजरने फेरा घेतला की तीही बोटं हलत होती. सातव्या फेऱ्याला गाठ कशी मारायची, शेवटचं टोक कुठं खोचायचं, चाचांनी एकेक गोष्ट सांगितली. दोन पिढ्या घरातच राहिलेलं सगळं त्यांनी पायरीवरून, सगळ्यांच्या देखत, पाव तासात देऊन टाकलं. पंजा सरळ उभा राहिला. ताशा वाजायला लागला. गल्लीने हात जोडले, कुणी डोकं टेकवलं.

काम झाल्यावर अबुजर बाहेर आला आणि वाकून चाचांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि म्हणाले, "फुडल्या साली एक दिस आदी ये. माझ्याकडं जेव. काठी तासायचीबी एक तऱ्हा हाय, ती दावतो."

कृष्णातने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. अझीमनेही ऐकलं. पुढच्या सालीही अबुजरच, असं म्हातारा स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता. आता तालमीने काही ठरवायचं राहिलं नव्हतं, माफीला कुणी विचारणार नव्हतं.

दोघं घरी निघाले. चाचा पुढे, रिकाम्या हातांनी, भिंतीचा आधार घेत. अझीम दोन पावलं मागे. खिशातला मोबाइल सारखा थरथरत होता. कुणीतरी कुठेतरी त्याचं काहीतरी खोडून काढत होतं. चिमणाबाईच्या दारापाशी म्हातारा दम खायला थांबला.

"अब्बा, चुकलं माझं," अझीम म्हणाला. या वेळी त्यापुढे काही आलं नाही.

"व्हय," चाचा म्हणाले.

अझीम वाट बघत राहिला. बापाने झापावं, दोन शिव्या घालाव्यात, निदान का केलंस असं विचारावं. मग काहीतरी बोलता आलं असतं. म्हाताऱ्याने फक्त श्वास सावरला, भिंतीवरचा हात काढला आणि तो घराकडे चालायला लागला.